तुराट्यांची चूल

चूल कशी असावी, हे सरपण ठरवतं. आपल्या गोव्यात चुडतं, सोडणं, करवंट्या. न्हाणीतल्या भाणाखाली त्यांचाच जाळ. बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याला स्नेह्यांकडे गेलो, तर परसात तुराट्यांचा ढीग! बीदर-कलबुर्गी म्हणजे तुरीचा मुलूख. तूर झोडपली की उरतात त्या काटक्या म्हणजे तुराट्या. फुकटचं सरपण, पण भडकन पेटतं आणि लगेच संपतं. तीन दगडांच्या चुलीवर अर्धा जाळ भांड्याबाहेर जातो. मग काकूंनी सतत वाकून काटक्या सारायच्या, धूर खायचा आणि खोकायचं. घरात सिलिंडर आहे, पण आंघोळीच्या पाण्यासाठी तो जाळणं त्यांच्या जिवावर येतं.

परसात बांधकामातून उरलेल्या विटा होत्या. अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात मांडलेली 'रॉकेट' चूल आठवली. तिला बारीक काटक्याच लागतात! माती, सिमेंट काही नको. एका थरात चार विटा भिंगरीसारख्या मांडायच्या, म्हणजे मधे पाच इंचांचं चौकोनी भोक राहतं. खालच्या दोन थरांना पुढून तोंड ठेवायचं, त्यावर लोखंडी पट्टी, वर आणखी चार थर. तोंडात मधोमध पत्रा आडवा घालायचा. वरून काटक्या, खालून हवा. भांडं तीन खड्यांवर बोटभर उचललेलं हवं, नाहीतर जाळ कोंडतो. मोठा हंडा मात्र ठेवू नये, सुट्या विटा ढळतात.

आत होतं काय? गरम हवा धुराड्यातून वर चढते आणि खालून ताजी ओढून घेते. धूर म्हणजे तरी काय, न जळलेलं सरपणच. त्यातला बराचसा भांड्यापर्यंत पोचण्याआधीच जळून जातो. विटा सुरुवातीला उष्णता पितात, तेवढा वेळ धूर येतोच. म्हणून ही चूल अंगणातलीच.

पाणी तापलं. काकू म्हणाल्या, "पाण्याला बरं हाय हे. भाकरीला नको." अगदी खरं. जाळ एकाच जागी उभा लागतो. तवा मधे करपतो, कडा कच्च्या राहतात, आणि भाकरी शेकायला निखारे कुठले? ज्वारीची भाकरी जुन्याच चुलीवर झाली.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' गटाने तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' केली (ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल), केंद्र सरकारनेही १९८०च्या दशकात सुधारित चुलींची योजना काढली. पण पक्की बांधलेली चूल बाईला आपल्या सोयीने हलवता येत नाही. सुट्या विटांचं तसं नाही. एक थर काढा, तोंड फिरवा, पाऊस आला तर उचलून ठेवा. खोकला जिचा, चूल बदलायचा हक्कही तिचाच असावा.