चकमकीच्या टेकड्यांतली कचेरी

सोमवार : कॉटनवूड फॉल्स

एम्पोरिया मागे पडलं की पन्नास क्रमांकाचा हमरस्ता स्ट्राँग सिटीला पोचतो. तिथून दक्षिणेला वळून कॉटनवूड नदी ओलांडायची. मग विटांची फरसबंदी केलेला ब्रॉडवे थेट कोर्टाच्या दारात नेऊन सोडतो. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या चेस काउंटीचं हे मुख्य ठाणं. गावाची वस्ती हजाराच्या आत, इमारत मात्र एखाद्या राजधानीत शोभावी अशी : चुनखडी दगडाच्या भिंती, फ्रेंच धाटणीचं तांबडं छप्पर आणि वर घड्याळाचा मनोरा. जॉन हॅस्केल या वास्तुकाराच्या आराखड्यावरून ती १८७३ मध्ये उभी राहिली, तेव्हा काउंटी अवघी १४ वर्षांची होती. राज्यात अजून वापरात असलेलं हे सर्वांत जुनं काउंटी-कोर्ट. आत अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना वळणं घेत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. लाकूड नदीकाठचं, दगडही इथलाच.

मंगळवार : कोर्टाच्या आत

नाव कोर्टाचं असलं तरी इथे येणाऱ्याचं काम खटल्याचंच असतं असं नाही. कोणी मालमत्ता कर भरायला येतो, कोणी जमिनीचा दस्त नोंदवायला. आपल्याकडे यासाठी दोन-तीन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतील.

दुसरा फरक मोठा आहे. काउंटीचा क्लार्क, खजिनदार, दस्तनोंदणी अधिकारी, सरकारी वकील आणि शेरिफ हे कोणी बदलीवर आलेले अधिकारी नव्हेत; मतदार त्यांना निवडून देतात. अंदाजपत्रक, रस्ते, पूल यांचा निर्णय तीन निर्वाचित कमिशनरांकडे. निवडणुकीची व्यवस्था पाहणारा क्लार्क स्वतःही त्याच मतपेटीतून आलेला! न्यायदानाच्या बाबतीत मात्र चेसचा संसार स्वतंत्र नाही. शेजारच्या लायन काउंटीबरोबर मिळून एक न्यायिक जिल्हा होतो.

एवढा सरंजाम किती माणसांसाठी? २०२० च्या जनगणनेनुसार २,५७२. क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस किलोमीटर.

बुधवार : बझार गावाच्या वाटेवर

माणसं इतकी विरळ का, याचं उत्तर दक्षिणेकडच्या टेकड्यांत पायाखालीच सापडतं. या फ्लिंट हिल्स, म्हणजे चकमकीच्या टेकड्या. चुनखडीच्या थरांत चकमकीचा दगड ठासून भरलेला आणि वर मातीचा पातळ पापुद्रा. नांगर चालतो तो नदी-ओढ्यांच्या काठच्या सखल पट्टीत. चढावर फाळ दगडाला अडतो. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातला उंच गवताचा प्रदेश एकेकाळी अफाट होता. नांगराखाली गेल्यावर त्यातला जेमतेम चार टक्के उरला, आणि त्यातला बहुतेक याच टेकड्यांत आहे.

गवत आलं म्हणजे गुरं आली. मोठमोठी कुरणं, मोजके मालक. वसंत ऋतूत गुराखी जुनं गवत मुद्दाम पेटवतात, म्हणजे झुडपं माजत नाहीत आणि कोवळा चारा फुटतो. सध्या तेच चालू आहे : एक टेकडी काळीठिक्कर, पलीकडची कोवळी हिरवी. आग लावण्याआधी स्थानिक अग्निशमन यंत्रणेला कळवावं लागतं.

गुरुवार : स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला

१८८१ मध्ये स्टीफन जोन्स या पशुपालकाने बांधलेला चुनखडीचा वाडा आता टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात आहे. क्षेत्र जवळपास ११,००० एकरांचं. २००९ पासून इथे पुन्हा बायसन चरतात.

हे क्षेत्र १९९६ मध्ये स्थापन झालं, त्याआधी वाद पुष्कळ झाला. वॉशिंग्टनचं सरकार एवढ्या जमिनीचं मालक होणार, ही कल्पनाच अनेक पशुपालकांना रुचत नव्हती. अखेर कायद्यातच मर्यादा घातली गेली : केंद्र सरकारने १८० एकरांहून जास्त जमीन घ्यायची नाही. म्हणून कारभार राष्ट्रीय उद्यान सेवा पाहते, पण बहुतेक जमीन ‘नेचर कन्झर्वन्सी’ या खासगी संस्थेच्या नावावर आहे.

उद्या हाच रस्ता धरून उत्तरेला, मॉरिस काउंटीतल्या काउन्सिल ग्रोव्हला.

(क्रमशः)