तिसरी जागा

लहानपणी आम्ही ज्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो, तो निन्टेंडोच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल होता, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. त्यात घालायची ती 'कॅसेट'. आमच्या कॅसेटवर ९९९९ गेम असं छापलं होतं. खरे वीसेक असतील, बाकी तेच तेच पुन्हा. २००६ च्या आसपास बार्शीत रोज काही तास लोडशेडिंग असायचं. दादा मारिओत सातव्या-आठव्या जगापर्यंत पोचायचा आणि फटकन लाइट जायची. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. सेव्ह नावाची भानगडच नव्हती. मी चार वर्षांनी लहान. "मी मेलो की तुझी पाळी," असं दादा म्हणायचा. तो मरायच्या आधी लाइट जायची.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी आठ महिने टोकियोत होतो. अकिहाबारातल्या एका सेकंडहँड दुकानात फॅमिकॉमच्या शेजारी त्याची डिस्क सिस्टिम ठेवलेली दिसली आणि मी दोन्ही उचलून आणलं. सोबत 'झेल्दा'ची तळहाताएवढी पिवळी डिस्क.

ही डिस्क सिस्टिम २१ फेब्रुवारी १९८६ ला जपानमध्ये आली, किंमत १५,००० येन. फॅमिकॉमच्या खाली हा ड्राइव्ह ठेवायचा आणि कॅसेटच्या जागी त्याचा अडॅप्टर खोचायचा. तेव्हा कॅसेटमधल्या चिप महाग होत्या. अख्खा सुपर मारिओ ४० केबीत बसवलेला आहे. आज आपण व्हॉट्सॲपवर टाकतो ते 'गुड मॉर्निंग'चं फुलसुद्धा त्याहून जड असतं. डिस्कच्या दोन्ही बाजू मिळून ११२ केबी मावायचे. पण मला भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. डिस्कवर लिहिता यायचं. त्याच दिवशी बाजारात आलेला 'झेल्दा' तुम्ही कुठवर पोचलात ते डिस्कवर लिहून ठेवायचा. बार्शीतला मी हे ऐकून रडलोच असतो.

लिहिता येतं म्हणजे पुसताही येतं. निन्टेंडोने दुकानांमधून डिस्क रायटर नावाची यंत्रं ठेवली होती. जुनी डिस्क न्यायची, ५०० येन द्यायचे, त्याच डिस्कवर नवा गेम लिहून मिळायचा. नव्या कॅसेटला याच्या कितीतरी पट पैसे पडायचे. पण जुना गेम गेला तो गेला, त्यातल्या तुमच्या सेव्हसकट. काउंटरपाशी उभं राहून कशावर पाणी सोडायचं हे ठरवणारी पोरं मला स्पष्ट दिसतात. फोनचं स्टोरेज भरल्यावर आपणही तसेच बसतो की.

हे प्रकरण फार काळ चाललं नाही. काही वर्षांतच चिप स्वस्त झाल्या, कॅसेटमध्ये जास्त मावायला लागलं, सेव्हसाठी आत बॅटरीही बसली. १९८७ मध्ये 'झेल्दा' अमेरिकेत गेला तो अशाच बॅटरीवाल्या सोनेरी कॅसेटमधून. डिस्कवर गेम लिहून देण्याची सेवा मात्र निन्टेंडोने २००३ पर्यंत चालू ठेवली होती.

माझा ड्राइव्ह अर्थातच बंद होता. या ड्राइव्हचा ठरलेला आजार म्हणजे आतला रबरी बेल्ट. तो वर्षांनुवर्षांत विरघळून डांबरासारखा होतो. दोन रविवार इअरबडने डांबर पुसलं, नवा बेल्ट चढवला, हेड जागेवर आणायला स्क्रू पाव-पाव फिरवत बसलो. शेवटी ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर नावांची यादी आली.

'झेल्दा'त तीन जण आपापला खेळ ठेवू शकतात. तिन्ही जागा भरलेल्या होत्या. कोण्या घरातली मुलं, कुणास ठाऊक. आता माझ्या आईच्या वयाची असतील. पहिल्या नावापुढे बदाम भरपूर, खाली मेल्याचा आकडा ११७. दुसऱ्याचे त्याहून कमी. तिसऱ्याचे तीनच बदाम, म्हणजे सुरुवातीला मिळतात तेवढे. मरण एक.

मला खेळायला एक जागा हवी होती. कुठलाही इंजिनिअर सांगेल, तिसरी पुसा, तिच्यात आहेच काय. हात तिथवर गेलाही. आणि लक्षात आलं की हा धाकटा आहे. याला पाळीच मिळाली नव्हती.

रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणजे बार्शीत साडेसात. बाबा गेल्यापासून दादाचं नि माझं बोलणं घराच्या कागदपत्रांपुरतं उरलं होतं. सही कधी पाठवतोस, नोटरीचं काय झालं, एवढंच. मी व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता कॅमेरा टीव्हीकडे फिरवला.

"काय रे हे?"

सगळं सांगितलं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"तिसरा पुसू नको," तो म्हणाला. "त्याचाच पुढं खेळ."

हे मला सुचलंच नव्हतं. मी तिसरं नाव निवडलं, सांगितल्यावर डिस्क उलटी घातली आणि त्या पोराने अर्धवट सोडलेला खेळ पुढे चालू केला. पहिली गुहा पार करायला दोन तास लागले. चौथा बदाम मिळाला. मेल्यावर गेमने विचारलं, सेव्ह करायचं? तेव्हा क्षणभर थांबलो. सेव्ह केलं की त्याचे तीन बदाम आणि एक मरण गेलंच की. त्याची जागा राखायची म्हणून खेळलो, तरी त्याचं लिहिलेलं मीच खोडणार होतो. मग केलं सेव्ह. नाव तेवढं त्याचंच राहिलं.

दादाला फोटो पाठवला. चार बदाम, खाली १४.

लगेच उत्तर आलं, "चौदा वेळा मेलास? आण इकडे, मी खेळतो."