पालकसभेआधीचे बोलणे

पालक आणि शिक्षक एकाच मुलाला ओळखतात, पण दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. फळ्यावरचे सतत चुकीचे उतरवून घेणारी मुलगी वर्गात निष्काळजी ठरते. घरी ती पुस्तक अगदी नाकाशी धरून वाचते, हे आईने पाहिलेले असते. आईचे हे निरीक्षण शाळेत वेळेवर पोचले तर मुलीचे डोळे तपासले जातात. नाही पोचले तर ती वर्षभर बोलणी खात राहते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने हा संवाद शिक्षकाच्या कर्तव्यांतच घातला आहे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी, असे कलम २४ म्हणते. विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांतील व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात.

प्रत्यक्षात पालकसभा बहुधा प्रगतिपुस्तकावरच्या सहीपाशी संपते. सभा कामाच्या दिवशी ठेवली की मजुरीवर जाणाऱ्यांचा रोज बुडतो. जे येतात त्यांतले कितीतरी जण ‘तुम्हीच बघा गुरुजी, आम्हाला काय कळतंय’ म्हणून गप्प होतात. त्यात गुरुजींविषयीचा विश्वास असतो, संकोचही असतो. हा संकोच घालवण्याची जबाबदारी शाळेचीच आहे, कारण मूल काय खाते, कधी झोपते, कशाला घाबरते, हे या माणसांनाच सर्वाधिक कळते.

बोलण्याच्या वेळेला किती मोल आहे, हे बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात उघड दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. मूल सोबत गेले तर शाळेचे अर्धे वर्ष जाते; मोठ्या मुलीवर तर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम येऊन पडते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण मुलीला मागे ठेवायचे म्हणजे रात्री ती कोणाकडे झोपणार, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार, हे आईबापांचे प्रश्न आधी सुटावे लागतात. त्यांची उत्तरे गाडी भरायच्या दिवशी देता येत नाहीत. त्यासाठी शिक्षकाने पावसाळ्यातच घरी जाऊन बसावे लागते, आजीशीही बोलावे लागते.

तरीही मूल गेलेच, तर त्याच्याजवळ शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते. त्यावरून कारखान्याजवळच्या शाळेला मुलाची इयत्ता आणि आतापर्यंतचा अभ्यास कळतो. ते कार्ड तिथे गेल्यावर कोणाला दाखवायचे, हे निघण्याआधी आईबापांना समजावून सांगितलेले नसेल, तर ते पेटीतच राहते.