ऑपरेशन गुडघ्याचं की रिपोर्टचं?

संपादकांनी लेख मागितला तो ‘गुडघा आणि आधुनिक शस्त्रक्रिया’ या विषयावर. रोबोट, संगणक, नव्या धातूंचे सांधे असं काही त्यांच्या मनात असणार. पण गेले काही महिने माझ्या डोक्यात एकच प्रकरण घोळतं आहे आणि ते बाजूला सारून दुसरं काही लिहिणं मला जमणार नाही.

अठ्ठावन्न वर्षांच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो, मांडी घालून बसलं की उठताना कळ येते. एमआरआय त्या आधीच काढून आल्या होत्या. हल्ली बरेच जण असेच येतात. रिपोर्टात आतल्या बाजूच्या गादीला मागे फाट असल्याचं लिहिलं होतं आणि त्या ओळीखाली कुणीतरी पेनानं दोनदा रेघ मारली होती. “डॉक्टर, गादी फाटलीय. शिवा नाहीतर काढून टाका,” बाई म्हणाल्या. मी गुडघा तपासला. तो पूर्ण वाकत होता, पूर्ण सरळ होत होता, कुठे अडकत नव्हता. मांडीचा पुढचा स्नायू मात्र डाव्या पायाच्या मानानं चांगलाच रोडावला होता. ऑपरेशन नको, तीन महिने नेटानं व्यायाम करा, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. थोड्याच दिवसांत त्यांनी दुसरीकडे दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलं.

इथे थोडं शरीरशास्त्र सांगावंच लागेल. मांडीच्या हाडाचं टोक गोल, नडगीच्या हाडाचा माथा जवळपास सपाट. या दोघांचं जमावं म्हणून मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, मेनिस्कस. त्या भार पसरवतात. एके काळी त्यांना निरुपयोगी समजून सर्जन अख्खी गादी बिनदिक्कत काढत. 1948 साली फेअरबँक या ब्रिटिश सर्जननं अशा गुडघ्यांचे एक्स-रे तपासले, तेव्हा सांध्यातली फट कमी झालेली आणि हाडाचा गोलावा चपटा पडलेला दिसला. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथली ताजी फाट शिवली तर जुळून येऊ शकते. म्हणून मॅटवर गुडघा पिरगळून गादीची पट्टी मध्ये अडकलेला, पाय सरळच करू न शकणारा कबड्डीपटू आला, तर ती पट्टी जागेवर बसवून शिवायलाच हवी, आणि लवकर. तिथे व्यायामावर वेळ दवडणं चूक.

पन्नाशीनंतरची फाट वेगळी. ती इजा नव्हे, झीज असते. धागे विसविशीत होत जातात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे पन्नास ते नव्वद वयाच्या 991 जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यांच्यातल्या 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. फाट दिसते आणि गुडघा दुखतो, म्हणून फाटीमुळेच दुखतो, हे रिपोर्ट सांगत नाही. आपणच ते जोडतो.

माझ्या शाखेतले काही लोक इथे माझ्याशी भांडतात. भांडू देत. ह्यूस्टनमध्ये 180 रुग्णांवर झालेला प्रयोग 2002 साली छापून आला. झिजलेला गुडघा दुर्बिणीतून धुणं आणि साफ करणं याचा उपयोग किती, हा प्रश्न होता. एका गटाला फक्त कातडीवर तीन छोटे छेद दिले. सर्जननं नेहमीसारखी सगळी हत्यारं मागून घेतली, गुडघा हलवला, धुण्याचा आवाज यावा म्हणून पाणीही उडवलं. दोन वर्षं पाहिलं. खऱ्या ऑपरेशनचे रुग्ण या गटापेक्षा कधीच सरस ठरले नाहीत. टीकाकार म्हणाले, ते गुडघे आधीच पार झिजलेले होते. मग फिनलंडमध्ये संधिवात नसलेले, फक्त गादी झिजून फाटलेले 146 रुग्ण घेतले. दुर्बीण सगळ्यांच्या गुडघ्यात घातली, निम्म्यांची गादी कापलीच नाही. 2013 मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर फरक नाही. टीकाकार म्हणाले, अधूनमधून अडकणाऱ्या गुडघ्याला तरी फायदा होत असेल. तेही तपासलं गेलं, तिथेही नाही. पाच वर्षांनंतर तर गादी कापलेल्यांच्या एक्स-रेत झीज किंचित जास्तच वाढलेली दिसली.

बाई परवा पेढे घेऊन आल्या. गुडघा दुखायचा थांबला होता. मी मांडी पाहिली, स्नायू छान भरला होता. ऑपरेशननंतर तिथल्या फिजिओनं सांगितलेला व्यायाम त्यांनी एक दिवस न चुकवता केला होता. जवळपास तोच, जो मी लिहून दिला होता. त्यांना कशानं बरं वाटलं? ऑपरेशननं, व्यायामानं, की अशी दुखणी चढतात तशी उतरतातही म्हणून? एका गुडघ्यावरून हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर 146 गुडघे लागतात. पण बाईंच्या शेजारणींना 146 गुडघे दिसत नाहीत, एकच दिसतो. त्यांच्यातल्या दोघी एमआरआय घेऊन माझ्याकडे येऊन गेल्या. बाईंना बरं वाटलं याचा मला मनापासून आनंद आहे, आणि कापलेली गादी परत उगवत नाही हेही मनातून जात नाही.

सांधेबदलाबद्दल उलटा घोळ आहे. लोक म्हणतात, ‘वाटी बदलली’. खरं तर वाटी पुष्कळदा रुग्णाची स्वतःचीच राहते. झिजलेल्या हाडांची टोकं साधारण आठ-दहा मिलिमीटर कापून त्यावर धातूची आवरणं आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर बसवतात. वाजपेयींचे गुडघे 2000 आणि 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हापासून हे ऑपरेशन घराघरांत माहीत झालं. 2017 साली सरकारनं किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत 54,720 रुपये ठरली. हे सांधे टिकतातही: शंभरातले सुमारे 82 पंचवीस वर्षं काम देतात, असं 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पाचातला साधारण एक रुग्ण समाधानी नसतो, हेही मी प्रत्येकाला आधीच सांगतो.

आणि तरीही ज्यांना हे ऑपरेशन खरोखर हवं, त्या उशिरा येतात. जन्मभर भांगलण केलेल्या, पाय धनुष्यासारखे वाकलेल्या, रात्री कुशीवर वळताना कळवळणाऱ्या बायका. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच. पन्नाशीतल्या फाटक्या गादीसाठी दोन शहरं पालथी घालणाऱ्या घरातच सत्तरीची सासू भिंत धरून न्हाणीत जात असते. तिच्यासाठी एमआरआय लागत नाही. साधा एक्स-रे पुरतो, मात्र तो उभं करून काढायला सांगा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत गुडघ्यावर वजन नसतं, त्यामुळे फट शाबूत दिसू शकते आणि ‘काही विशेष नाही’ म्हणून तिला घरी पाठवलं जातं.