महेश्वरची याद

महूहून मंडलेश्वरकडे निघालेला रस्ता जाम दरवाज्यापाशी माळव्याचे पठार सोडतो आणि विंध्याच्या कडेवरून निमाडात उतरतो. वर सोयाबीन आणि गहू, खाली कापूस आणि मिरची. वर रात्रीचा गार वारा, खाली दगडांनी दिवसभर साठविलेले ऊन. दक्षिणेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. या दोन पर्वतांमधल्या खचलेल्या पट्ट्यातून नर्मदा जाते, आणि दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्यांचा शिरस्ता मोडून पश्चिमेकडे जाते. महेश्वर तिच्या उत्तर तीरावर आहे. खरगोन जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. २०११च्या जनगणनेत वस्ती २४ हजारांच्या आसपास. किल्ला, घाटांची लांब ओळ, हातमागांचे मोहल्ले आणि एक बाजार. भूगोल एवढ्यात आटोपतो.

माझ्यासारख्या मराठीच्या विद्यार्थ्याला हे गाव प्रथम भेटले ते ग्रंथात. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगी, माहिष्मतीच्या तटाला वेढून वाहणारी रेवा दाखविली आहे. ती माहिष्मती म्हणजेच हे महेश्वर, की थोडे वर ओंकार-मांधाता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. गावकऱ्यांत मात्र मुळीच नाहीत. मराठी इतिहासात गावाचा उदय होतो तो १७६६ नंतर. त्या वर्षी मल्हारराव होळकर वारले, पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेला, आणि अहिल्याबाईंनी इंदूर सोडून येथे बस्तान बसविले. १७९५ साली त्यांचे निधन होईपर्यंत नर्मदेच्या या काठावर मराठी ही कारभाराची, हिशेबाची, कज्जे-खटल्यांची आणि कानगोष्टींचीही भाषा होती. पारसनिसांनी प्रसिद्ध केलेली ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते उमजेल. अनंतफंदीला अहिल्याबाईंनी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळविले, ही आख्यायिका याच दरबारातली. शाहिरी वाङ्मयावरील माझ्या प्रबंधात मी या गावाला एक वाक्य दिले होते: महेश्वर हे राजाश्रयाचे उत्तरेकडील महत्त्वाचे केंद्र होय. परीक्षकांनी त्या वाक्याला हरकत घेतली नाही. मीही पुढे बरीच वर्षे घेतली नाही.

वस्तुतः ते वाक्य लिहिण्यापूर्वीच मी महेश्वर पाहिलेले होते. माझी आत्या लग्न होऊन तेथे गेली होती. तिच्या सासरचे मूळ पुरुष होळकरांच्या कोठीवर कारकून. राजधानी इंदूरला परतल्यावर अनेक घराणी तिकडे गेली, हे राहिले. १९७९च्या उन्हाळ्यात, एम.ए.चे पहिले वर्ष संपवून, मी पंधरा दिवस तिच्याकडे होतो. तिची मराठी ऐकून मला अवघडल्यासारखे होई. ‘माझ्यापासून आता जिना चढवत नाही,’ असे ती म्हणे. ‘तुम्हा सगळ्यांची फार याद येते,’ असेही म्हणे. एकदा मी तिला सुधारले. ‘आत्या, आठवण म्हणावे.’ ती हसली. ‘आठवणच की रे. पण याद म्हटलं की माणूस जवळ आल्यासारखं वाटतं.’ मी भाषाशुद्धीच्या वयात होतो. तिच्या या उत्तरात काही अर्थ असेल, हे मला सुचले नाही.

एके दुपारी माजघरातल्या कोनाड्यातून तिने लाल फडक्यात बांधलेला एक रुमाल काढला. आत मोडीचे कागद होते. कडा खाल्लेले, पण शाई अजून काळीभोर. ‘तू भाषेचा शिकलेला. वाच बघू, आमचे मोठे काय लिहीत होते ते.’ मी दोन-चार कागद उलटेपालटे केले आणि मला मोडी येत नाही हे कबूल केले. तिच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता, नवल होते. ‘मराठीच ना ती?’ तिने विचारले. मग पुन्हा रुमाल बांधत म्हणाली, ‘पुढच्या खेपेला शिकून ये.’

पुढची खेप बारा वर्षांनी झाली. तोवर आत्या गेली होती आणि मी मोडी शिकलो नव्हतो. आतेभावाने सांगितले की वाळवी लागली म्हणून ते कागद जुन्या पोथ्यांबरोबर मय्याला दिले. त्याच्या स्वरात खंत नव्हती, आणि ती नसावी हेच रास्त होते. निमाडात जीर्ण पवित्र वस्तूला याहून चांगली गती नाही. राजवाड्यात रोज सकाळी काळ्या मातीची शिवलिंगे करून, पूजून, शेवटी नदीलाच देतात. अहिल्याबाईंच्या काळापासूनचा हा पाठ आहे.

मोडी मी पन्नाशीत शिकलो, पुण्यात, दुसऱ्यांच्या कागदांवर. पेशवाईतले कागद लावताना वारंवार एक शब्द माथ्यावर भेटू लागला: याद. टिपण, स्मरणपत्र. जुन्या मराठीत तो टिपणालाही चाले आणि स्मरणालाही. प्रमाण मराठीने आज तो राखला आहे तो बहुतांशी धमकी देण्यापुरता: याद राख! आत्या हिंदी बोलत होती अशी माझी समजूत होती. तिचा शब्द मात्र तिच्या कोनाड्यातल्या रुमालातही बहुधा होताच.

२०१९च्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. घाटावर विठोजी होळकरांची छत्री आहे. १८०१ साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने त्यांना हत्तीच्या पायी दिले. छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. पुणेकराने तेथे फार वेळ उभे राहू नये. मी नावेत बसून पलीकडे नावडाटोलीला गेलो. १९५२-५३ मध्ये आणि पुढे १९५७ ते १९५९ या काळात डेक्कन कॉलेज व बडोदा विद्यापीठ यांच्या वतीने सांकलियांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले, आणि ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातल्या वस्त्या मिळाल्या: कुडाच्या गोल नि चौकोनी झोपड्या, रंगीत नक्षीची खापरे, गहू, पुढे तांदूळ. अहिल्याबाईंची अठ्ठावीस वर्षे त्या थरांपुढे बोटभर जाडीचीही भरत नाहीत. टोलीचे नाव मात्र ना राजाचे ना देवाचे. नावडा म्हणजे नावाडी. मराठी वाचक या गावात मराठीच शोधतो. मीही तेच करीत आलो. पण गाव ज्यांच्यावर चालले ते निमाडी बोलणारे नावाडी आणि बाहेरून आणून वसविलेले हिंदू-मुसलमान विणकर. तीस वर्षांच्या दप्तरी भाषेचा मालकी हक्क एवढ्या मोठ्या वस्तीवर कसा सांगावा?

परत येताना नावाड्याने विचारले, येथे तुमचे कोण? आत्या होती, म्हटले. गल्ली सांगितली. घर विकले गेले होते. तो म्हणाला, आता तिथे माग आहेत, जाऊन पाहा.

गेलो. माजघरात दोन माग होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर कुटुंबातल्या एका दांपत्याने रेहवा संस्था काढली आणि मरगळलेली वीण पुन्हा उभी राहिली. तिच्यापाठोपाठ असे घरोघरचे माग वाढले. मागावरच्या बाईंनी दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा बुगडी काठ उलटून दाखविला, एकेका नक्षीचे नाव सांगितले: चटाई, ईंट, रुईफूल. शेवटचे नाव मला घरचे होते; त्यांना म्हटले, आमच्याकडेही हेच म्हणतात. ‘तो फिर आप यहीं के हुए,’ त्या म्हणाल्या आणि धोटा पुन्हा हाती घेतला. मी कोनाड्याकडे पाहिले. तेथे भरलेल्या कांड्यांची टोपली होती.