शेजारच्या गराजमधलं घर

मिनेसोटात शेजारी कसा आहे हे डिसेंबरनंतर कळतं. उन्हाळ्यात सगळेच हात हलवून 'हाय' म्हणतात. रात्रभर बर्फ पडून गराजपुढे गुडघाभर ढीग साचलेला असतो आणि आपल्याला सकाळी सातला हॉस्पिटल गाठायचं असतं, तेव्हा खरी ओळख होते. आमच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला, त्या हिवाळ्यात आमचा ड्राइव्हवे आम्ही कधी साफ केलाच नाही. पहाटे पाचच्या सुमाराला बाहेर स्नोब्लोअरची घरघर सुरू व्हायची. आम्ही तिला ब्लँकेटात गुंडाळून गाडीत बसवेपर्यंत रस्त्यापर्यंतचं डांबर उघडं पडलेलं असायचं, वर मीठही टाकलेलं. आभार मानायला गेलो तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मशीन बाहेर काढलंच होतं."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. पुढे पाटीवर नाव घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते घालू दिलं नव्हतं, मग लेखात घातलेलं कसं चालेल? आजोबा स्वीडनहून आलेले. स्वतः जन्मभर सुतारकाम केलेलं आणि आता निवृत्त. बोलणं मोजकं. बोलण्याचं खातं बायकोकडे. तिने पहिल्याच आठवड्यात आमच्या दारात उभं राहून विचारलं होतं, "तुम्ही काय काय खात नाही ते आधी सांगा." त्यानंतर तिच्या घरून हॉटडिश यायला लागली. खाली चिकन आणि भाज्या, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर. माझी बायको त्यावर लसणीचं तिखट भुरभुरायची आणि आम्ही दोघं हॉस्पिटलातून आल्यावर उभ्याउभ्याच जेवायचो.

मुलांच्या या आजाराचे उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात. पहिले काही महिने फार जड. त्या काळात सहानुभूतीला तोटा नव्हता. 'काही लागलं तर हक्काने सांगा' हे वाक्य मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ ऐकलं, आणि ते म्हणणारी माणसं खरोखरच चांगली होती. पण काय लागतंय हेच कळत नसेल तर माणूस सांगणार काय? एप्रिलमध्ये शेजारी आले, दारातूनच म्हणाले, "शनिवारी सातला गराजमध्ये ये. जुने कपडे घाल." मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. तिच्याकडे नुसतं टक लावून बसण्यापेक्षा ते बरं."

गराजमध्ये एक लोखंडी चासी उभी होती, दोन चाकांची. त्यांना फिश हाउस बांधायचं होतं.

फिश हाउस म्हणजे काय हे तिकडे न राहिलेल्याला सांगावं लागेल. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी तळीच 11,842 आहेत. हिवाळ्यात ती गोठतात आणि लोक त्या बर्फावर घरं नेऊन ठेवतात. जमिनीतच भोकं असतात, त्यांतून खालच्या बर्फाला ऑगरने भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि उबेत बसून राहायचं. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड होतं, म्हणून तळाशी मासे सुखरूप असतात आणि वर हाडं गोठवणारी थंडी. आमच्या उत्तरेला दीड-दोन तासांवर मिल लॅक्स नावाचं तळं आहे, पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं. जानेवारीत त्यावर गाव वसतं. बर्फावर नांगरून काढलेले रस्ते, दिशादर्शक पाट्या, सगळं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हा निव्वळ वेडेपणा वाटला होता. आताही थोडा वाटतो.

शेजाऱ्यांच्या ओळखीची एक लहानशी संस्था होती. दीर्घ आजाराच्या आणि अपंग मुलांना ती तळ्यावर न्यायची. अडचण अशी की बाजारातल्या बहुतेक घरांचं दार अरुंद आणि पायरी उंच. व्हीलचेअरमधल्या मुलाला दोघातिघांनी उचलून आत ठेवायचं, मग ते पोर एका कोपऱ्यात बसवलेलं, भोकापासून लांब. "सामानासारखं," शेजारी म्हणाले. एवढाच शब्द. पण मला वाटतं त्या शब्दापायीच त्यांनी उतारवयात हे काम अंगावर घेतलं.

पुढचे कितीतरी शनिवार आम्ही मापांवरच घालवले. चासी अशी निवडली होती की चाकं वर घेऊन सगळं घर थेट बर्फावर टेकवता येतं. विंचचं हँडल फिरवलं की घर हळूहळू खाली बसतं. त्यामुळे जमीन बर्फाच्या जवळपास येते आणि रँप छोटी पुरते. अपंगांसाठीच्या 1990च्या अमेरिकन कायद्याखालची मापं शेजाऱ्यांनी कागदावर लिहून भिंतीला टाचली होती: एक इंच चढाला बारा इंच रँप, खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फुटांचं वर्तुळ. दार छत्तीस इंचांचं. तळ्यावरच्या घराला कोणताही इन्स्पेक्टर ही मापं विचारत नाही, पण शेजारी विचारत होते. पाच फुटांच्या वर्तुळापायी दोन बंक गेले. मासेमारीची भोकं एरवी भिंतीलगत असतात. आम्ही दोन भोकं मध्याकडे सरकवली आणि त्यांची झाकणं जमिनीशी अशी सपाट बसवली की चाक वरून जावं पण अडकू नये. रॅटल रील, म्हणजे भिंतीवरचं दोऱ्याचं रीळ, ज्यात मासा ओढू लागला की खुळखुळ्यासारखा आवाज होतो, ते बसलेल्या मुलाच्या हाताच्या उंचीवर घेतलं.

सर्वांत जास्त वाद शेगडीवरून झाला. काही मुलं ऑक्सिजनची नळी लावून येणार होती, म्हणून उघड्या ज्योतीचा प्रोपेन हीटर बाद. ज्वाळा बंद पेटीत असणारी, हवा बाहेरून घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी भट्टी हवी होती. ती महाग. शेजाऱ्यांनी स्वतःची जुनी बोट विकली. हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं, तेही फार नंतर.

या शनिवारांत मुलीविषयी त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मी सांगितलं तर ऐकायचे आणि मान हलवून म्हणायचे, "तो अँगल धर." रक्तातल्या पेशींचे आकडे डोक्यात घेऊन आलेला मी चार तास इंचाच्या सोळाव्या भागात अडकून पडायचो आणि घरी जाऊन झोपायचो. झोप लागायची, हे महत्त्वाचं. अनेकांनी माझं सांत्वन केलं, या माणसाने मला कामाला लावलं, आणि त्या वर्षातल्या सगळ्या उपकारांत मी हाच मोठा मानतो.

मे महिन्यात बाबा आले, सहा महिन्यांसाठी, नातीजवळ राहायला. आई गेल्यापासून ते एकटेच होते. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये, बॉडी सेक्शनला. आयुष्यभर त्यांनी सांगाड्यावर अल्युमिनियमचे पत्रे चढवले आणि रिवेट ठोकले. पहिले काही दिवस ते नुसते खिडकीत बसून होते. मग एका शनिवारी माझ्यामागून गराजमध्ये आले, हात मागे बांधून घराभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "यांना विचार, लोखंडावर अल्युमिनियम थेट टेकवणार आहेत का?"

शेजारी लाकडातले. पत्र्याचा त्यांना अनुभव नव्हता. मी भाषांतर केलं: दोन धातू एकमेकांना टेकले आणि ओल लागली की अल्युमिनियम खातं, आणि इथे तर रस्त्यावर मीठ टाकतात. मध्ये प्रायमर आणि पट्टी हवी. शेजाऱ्यांनी चष्मा काढून बाबांकडे नीट पाहिलं आणि एक स्टूल पुढे सरकवलं. त्या दिवसापासून मी हेल्पर झालो.

दोघांची भाषा एकही नव्हती, पण दोघं इंचातले. मी सेंटिमीटरवर वाढलेला, मलाच हिशेब जड जायचा. बाबा म्हणायचे, "दोन सूत घ्या," आणि बोटांनी दाखवायचे. शेजारी टेपवर पाव इंच दाखवायचे. जमलं. बाबा त्यांना 'मिस्त्री' म्हणत आणि शेजारी बाबांना 'बाबा', कारण आमच्या घरात तेच ऐकलेलं. पॉप रिवेटची गन पाहून बाबा म्हणाले, "हे रिवेट की टाचण्या?" दाराची चौकट आणि रँपची बिजागरं जिथे येतात तिथे त्यांनी भरीव रिवेटच घालायला लावले. बाहेरून बाबा हातोडा मारणार, आतून मी डॉली दाबून धरणार. डॉली म्हणजे हातात मावणारा जड लोखंडी ठोकळा. ती जराशी कलली की रिवेटचं डोकं वाकडं बसतं आणि ते बाबांना बाहेरून, न बघता, नुसत्या आवाजावरून कळायचं. "काढ. पुन्हा." लहानपणी बाबा ड्यूटीवरून आले की कपड्यांना ऑइलचा वास यायचा. ते तिथे नेमकं काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. ते पाहायला मिळालं ते या गराजमध्ये.

मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे आत माणूस असताना फिश हाउसचं दार बाहेरूनही उघडता आलं पाहिजे. ते होतंच. बाबांना तेवढं पुरेना. मागची खिडकी आतून ढकलली की निघाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट, एसटीला असते तशी. शेजाऱ्यांनी ती केली. मग बाबांनी लाल रंग मागितला आणि खिडकीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. इंग्रजी पाटी नंतर संस्थेने तिच्याखाली लावली.

पैशांचं थोडक्यात सांगतो. इन्सुलेशन आणि आतल्या सीडरच्या फळ्यांसाठी संस्थेकडे रक्कम कमी पडत होती. आमच्या इथल्या मराठी मंडळींनी गणपतीत वर्गणी काढली. एरवी साउंड सिस्टीमवरून तासभर भांडणारी ही माणसं, पण या वेळी कोणी एक शब्द काढला नाही. मंडळाचं नाव मात्र पाटीवर यावं असं काहींचं म्हणणं होतं. शेजाऱ्यांनी विचारलं, "मुलांना त्याचा काय उपयोग?" विषय तिथे संपला. पाटीच लागली नाही.

बाबा ऑक्टोबरच्या अखेरीस परत गेले. बर्फ त्यांनी पाहिला नाही. घर तळ्यावर गेलं ते जानेवारीच्या मध्यावर, कारण चाकांचं घर ओढणाऱ्या जड ट्रकसाठी वीस इंच बर्फ लागतो. नुसतं चालायला चार इंच पुरतो. उणे वीस सेल्सियस होतं. घर बर्फावर बसवलं, भट्टी लावली, ऑगर फिरवला. पहिल्या खेपेला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला, स्वतः चाकं फिरवत रँपवरून आत, स्वतःच वळला आणि भोकाशी जाऊन थांबला. कोणी हात लावला नाही. बराच वेळ काही नाही. मग रीळ खुळखुळलं आणि तो दचकला. दोरा हातांनी ओढत ओढत त्याने पर्च वर काढला, पिवळ्या अंगावर काळे पट्टे, नारिंगी पर. गळ काढायची वेळ आली तेव्हा ओरडला, "हा माझ्याकडे बघतोय!" आणि सगळे हसले. सोळा वर्षांखालच्या मुलांना मिनेसोटात मासेमारीचा परवाना लागत नाही. तरी त्याने परवाना मागितला, शाळेत दाखवायला. शेजाऱ्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक लिहून दिला.

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळं दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न: "गळतं का?"

आमची मुलगी त्या वर्षी जाऊ शकली नाही, पेशी कमी होत्या. पुढच्या हिवाळ्यात गेली. आता ती कॉलेजात आहे. तिला मासेमारीचा कंटाळा येतो आणि तसं ती स्पष्ट सांगते.

मी परतफेडीचा प्रयत्न केला नाही असं नाही. शेजाऱ्यांना भारताचं तिकीट देऊ केलं, ते हसले. स्वतःचा ड्राइव्हवे त्यांनी मला एकदाही साफ करू दिला नाही, मी उठायच्या आत झालेला असायचा. आता ते आणि त्यांची बायको मुलाकडे राहायला गेले आहेत. जाताना त्यांनी मला एक वही दिली: विंचच्या दोराला ग्रीस कधी, भट्टीची तपासणी कधी, कोणता रिवेट सैल व्हायची शक्यता. बाबांनी ठोकलेल्यांपैकी त्यात एकही नाही. वहीबरोबर जबाबदारीही आली हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

2023-24चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. त्या वर्षी घर अंगणातच राहिलं. एरवी ते दर जानेवारीत तळ्यावर जातं.

मिनिअ‍ॅपलिसच्या आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती आहे. घर तळ्यावर न्यायला माणसं मिळतात, त्यात मजा असते. परत आणायला मिळत नाहीत. आमच्या भागात मार्चच्या पहिल्या सोमवारी मध्यरात्रीच्या आत रिकामी घरं बर्फावरून काढावीच लागतात. खाली गोठलेली कड फोडायची, विंच फिरवायची, रँप उचलायची, कचरा वेचायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि सहा-सात जण हवेत. त्याआधीच्या रविवारी या. मासे खाणारे नसलात तरी चालेल.