आबांचे रान

या अंकात संतचरित्रे वाचायची तुम्हाला सवय आहे. आज ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना सहीपुरतेही अक्षर येत नव्हते. गळ्यात तुळशीची माळ, कमरेला कोयता आणि पायाखाली रान. ते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणत असू.

आमचे गाव भीमाशंकरच्या पूर्वेला, भोरगिरीच्या अंगाला. भातखाचरे होती, पण घर चाले ते हिरड्यावर. उन्हाळ्यात बाळहिरडा वेचायचा, वाळवायचा, डोक्यावरून बाजारात न्यायचा. आग्यामोहळ काढताना आबा मध साठलेला भागच कापीत, पिल्लांचा भाग कड्याला तसाच ठेवीत. एकादशीला झाडाला हत्यार लावायचे नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम. मी पुढे पुष्कळ पोथ्या पाहिल्या. हा नेम कुठे आढळला नाही.

मी सात-आठ वर्षांचा असेन. श्रावणातल्या एकादशीच्या भजनाहून परतताना रानात कंदील विझला. मी रडू लागलो. आबांनी कंदील पेटवला नाही. म्हणाले, "गप उभा राहा. डोळं निवू दे." थोड्या वेळाने वाटेकडेची कुजकी लाकडे, पाने हिरवट उजेडाने चमकू लागली. ती एक बुरशी असते आणि पावसाळ्यात तिकडे दिसते, हे मला फार उशिरा कळले. आबांनी त्याचा काही अर्थ लावला नाही. "दरसाल असतंय," एवढेच बोलले आणि मला खांद्यावर घेतले. माझ्यासारख्या निरूपण करणाऱ्याने त्या उजेडावर तासभर काढला असता!

आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढून मी गावी परतलो. पहिल्याच कीर्तनात तुकोबांच्या एकांताचा विषय घेतला. भामचंद्र, भंडारा या डोंगरांचे वर्णन केले. घरी आल्यावर आबांनी विचारले, "तिथं झाडं कंची हायेत?" आणि त्याच हिवाळ्यात ते मला भामचंद्रावर घेऊन गेले. पोहोचल्यावर झाडे राहिली बाजूला; ते खडकाला टेकून बसले ते दुपार कलेपर्यंत. मीही बसलो. वारा कुठून येतो, ऊन कपारीत किती वेळ टिकते, पाणी कुठे आहे, हे बसल्या जागी कळत गेले. वाचकहो, पुढे पन्नास वर्षे मी डोंगरावर बोललो, ते त्या दिवसाच्या भांडवलावर.

आषाढात आमच्याकडे भाताची लावणी. तरी रोपे आईच्या हवाली करून आबा माउलींच्या पालखीबरोबर चालत. (याविषयी आईचे मत काय होते, ते इथे लिहिण्यासारखे नाही.) भीमा आमच्या डोंगरात उगवते. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते, नीरा नरसिंहपूरला नीरा, आणि पंढरीत ती चंद्रभागा म्हणवते. वाळवंटात उतरले की आबा ओंजळ भरून बघत आणि म्हणत, "हे आपल्या वड्याचं."

गुडघ्यांनी दगा दिला त्या वर्षी मी एकटाच निघालो. ते ओट्यावर बसून म्हणाले, "मी न्हाई आलो तरी वड्याचं पानी जातंय की." मी सांगितले, "आबा, 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले. पाणी तिथे अडते."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग विचारले, "आन् वारीला?"

"वारीच्या वेळी दरवाजे उघडून सोडतात."

"मंग झालं. दार उघडाया मानूस हाय ना."

ते श्रावणात गेले. रक्षा आळंदीला न्यावी, पंढरपूरला न्यावी, असे भाऊबंदांचे म्हणणे पडले. आबांनी मला ओढाच सांगून ठेवला होता. चारचौघांनी शास्त्र विचारले, कारण घरात कीर्तनकार मी. मी म्हणालो, "शास्त्र मागाहून सांगतो," आणि गाडगे घेऊन ओढ्याकडे चालू लागलो. आई मागोमाग आली. पाऊस नुकताच उघडला होता, पाणी गढूळ आणि जोरात होते. रक्षा दिसेनाशी झाली तसे आईने विचारले, "पोचत्याल का रं?"

"उजनीत थांबावं लागेल थोडं."

"थांबू दे," आई म्हणाली. "हयातभर कधी थांबलं न्हाईत."